वरून आलंच नाही

आत्याच्या टीव्हीला स्वतःचे असे दोनच शब्द येतात. ‘नो’ आणि ‘सिग्नल’. दिवसभर त्याच्या तोंडून जे बाहेर पडतं ते सगळं दुसऱ्यांचं; सासवा-सुनांचं, बातम्या देणाऱ्यांचं, कीर्तनकारांचं, खतं विकणाऱ्यांचं. स्वतःला काही सांगायचं झालं की हे दोन शब्द. ते सांगायची रीतही ठरलेली. पडदा काळा करायचा, त्यावर एक निळी पाटी काढायची आणि ती घेऊन येरझाऱ्या घालायच्या. पाटी तिरकी जाते, कडेला टेकते, वळते, पुन्हा तिरकी जाते. गाडीला उशीर झाला की माणूस फलाटावर फिरतो तशी. घाई नाही, पण एका जागी बसवतही नाही.

घर राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत. चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. टीव्ही माजघराच्या भिंतीवर, ३२ इंची. त्याच्या खाली जुनं लाकडी शोकेस आहे आणि त्यात एक मोठं चौकोनी भगदाड. मागे पोट सुटलेल्या एकवीस इंची टीव्हीसाठी ते केलं होतं. पोटवाला गेला, भगदाड राहिलं. आता तिथे सेट टॉप बॉक्स असतो, ज्याला घरात डबा म्हणतात. शिवाय विजेची बिलं, वातींची पिशवी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावलेले दोन रिमोट. वर भिंतीवर हा एकटा. काळा, सडपातळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

आत्या त्याला ‘हा’ म्हणते. आतोबांना ती जन्मभर ‘हे’ म्हणाली, त्यामुळे तिच्या तोंडच्या सर्वनामाला वजन आहे. “हा आज गप्प आहे,” असं ती म्हणते तेव्हा घरात कोणाला तरी बरं नसल्यासारखं वाटतं.

टीव्ही लागला नाही की पहिला मार त्यालाच बसतो. ही सवय पोटवाल्याच्या वेळची. त्याच्या डोक्यावर डाव्या अंगाला एक थापट मारली की चित्र खरोखर ताळ्यावर यायचं, कारण आत कुठे तरी सोल्डरिंग सुटलेलं असायचं आणि धक्क्याने ते पुन्हा टेकायचं. ह्याला डोकंही नाही आणि पाठही नाही. बोटभर जाडीच्या अंगाला मारायचं कुठे? तरी आतेभाऊ कडेला टिचक्या मारतो, वहिनी भिंतीवरचं बटन चार वेळा बंद-चालू करते, आणि त्यांचा मुलगा रिमोट मांडीवर आपटतो.

खरं तर ‘नो सिग्नल’ लिहायला टीव्ही धडधाकट लागतो. वीज पोचलेली, पडद्यामागचा उजेड पेटलेला, पाटी काढून ती फिरवत ठेवण्याइतकी शुद्ध शाबूत. बिघडलेला टीव्ही असलं काही म्हणत नाही. तो नुसता पडून राहतो, फार तर लाल दिवा मिचकावतो. मी इथे उभा आहे आणि मला कोणी काही दिलेलं नाही, एवढंच ह्याचं म्हणणं असतं.

मला त्याच्यात कचेरीतल्या खिडकीवरचा कारकून दिसतो. लोक त्याच्याच अंगावर ओरडतात, कारण दिसतो तोच. आणि तो शांतपणे सांगतो, वरून आलंच नाही. त्याचं ‘वर’ म्हणजे डबा. डब्याला विचारावं तर तोही म्हणतो वरून आलं नाही. त्याचं ‘वर’ म्हणजे छत्री. छत्रीला तोंड नाही, पण असतं तर तिनेही आभाळाकडे बोट दाखवलं असतं. फरक एवढाच की कचेरीत हे वाक्य बरेचदा खोटं असतं. ह्या घरात ते दर वेळी खरं निघालं आहे.

मी राहतो पुण्यात. त्यामुळे माझा आणि ह्या टीव्हीचा संबंध बहुतेक फोनवरचाच. पहिला फोन आला तेव्हा तो लावून जेमतेम महिना झाला होता.

“अरे, टीव्ही गेला.”

“गेला म्हणजे काय झालं?”

“गेला म्हणजे गेला. पाटी फिरत्येय.”

“फिरत्येय? एका जागी थांबलेली नाही ना?”

“नाही रे, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चाललीय.”

“मग बरं आहे.”

“बरं काय आहे त्यात, मेल्या?”

बरं हे होतं की दोषाचा पत्ता लागला होता. आत्याच्या घरात ‘नो सिग्नल’च्या दोन पाट्या आहेत. फिरते ती टीव्हीची. मधोमध एका जागी थांबते ती डब्याची. फिरती पाटी आली तर समजावं की डब्याकडून टीव्हीकडे काहीच येत नाहीये. छत्री, पाऊस, आभाळ ह्यांचा त्यात संबंध नाही. थांबलेली पाटी आली तर डबा आणि टीव्ही यांचं छान जमतंय, डबा आपली तक्रार टीव्हीच्या तोंडून सांगतोय, आणि भानगड बाहेर आहे. तुमच्या घरी पाट्या निराळ्या असतील. तिथे डब्याच्या रिमोटवरचं मेनूचं बटन दाबून पाहावं. पडद्यावर मेनू उमटला तर डब्यापासून टीव्हीपर्यंतची वाट मोकळी आहे. ह्या एका बटनाने निम्मं घर तपासून होतं, पण ते दाबायच्या आधी माणसं छपरावर चढलेली असतात.

मी आत्याला टीव्हीच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ शोधायला लावलं. पिशवीवरून तिचा अंगठा घसरत होता. शेवटी रबर काढलं, रिमोट उघडा केला, आणि पडद्यावर आलेली यादी तिने पोथी वाचावी तशी एकेक अक्षर लावत वाचली. “ए... व्ही. मग एच, डी, एम, आय, एक. मग तेच, पण दोन. ह्या दोनवर रंग आलाय.”

तिथेच घोळ होता. टीव्हीला पाठीमागे चार-पाच दारं असतात आणि तो एका वेळी एकाच दारात उभा राहू शकतो. डबा जोडला होता पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांनी, म्हणजे एव्हीच्या दाराला. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. आत्याने रिमोट पुसताना नकळत सोर्स दाबलं होतं आणि हा जाऊन उभा राहिला होता एचडीएमआय दोनच्या दारात, जिथे वायरच लावलेली नाही. पाहुणा परसदारी हाका मारतोय आणि यजमान पुढच्या दारात ताटकळतोय. एव्हीवर आणल्याबरोबर माजघरात एकदम कोणी तरी तावातावाने बोलायला लागलं, आणि आत्याने फोन तसाच ठेवून दिला. आभार वगैरे आमच्याकडे मानत नाहीत.

तेव्हापासून आमची पहिली चौकशी ठरून गेली. तब्येत-पाणी मागाहून. आधी, फिरत्येय की थांबलीय?

थांबलेली पाटी पावसात यायची. डबा डीडी फ्री डिशचा. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४मध्ये सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि डबा आणला की झालं. छत्री न्हाणीघराच्या स्लॅबवर बसवलेली. छत्री म्हणायचं, आणि पावसात हार मानते तीच पहिली. त्याला कारण आहे. तिच्याकडे येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या. एवढ्या आखूड लहरींना पावसाचे थेंब वाटेतच गिळतात. साधी रिपरिप असेल तर काही होत नाही. पण मृगाच्या पहिल्या दणक्याला, किंवा आषाढात समुद्राकडून काळी भिंत चालून येते तेव्हा, चित्राचे चौकोन चौकोन होतात, गाणाऱ्या बाईचा ओठ एका चौकोनात आणि डोळा भलत्याच, आणि मग थांबलेली पाटी. सर ओसरली की पाच मिनिटांत पुन्हा गाणं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ही पाटी घरच्यांच्या अंगवळणी पडली होती.

एका पावसाळ्यात मात्र सर गेली तरी चित्र परतलं नाही. गणपतीला गेलो तेव्हा पाहिलं. वायर सरळ उतारावरून डब्याच्या पिनेत शिरत होती, म्हणजे पागोळीचं पाणी नेमकं आत. मधली तांब्याची तार हिरवीगार झालेली. दोन बोटं वायर कापली, नवीन पिन लावली, आणि पिनेच्या अलीकडे वायरीला खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी त्या झोलाच्या तळाशी थेंबथेंब गळून जाईल. आणि डबा जरा हलवला, तर आतून तांबड्या मुंग्यांची रांग बाहेर. पावसात उबेची जागा म्हणून बिऱ्हाड केलं होतं त्यांनी. आत्या म्हणाली, “आधीच्याच्या तोंडावर दिसायच्या, ह्याच्या पोटात आहेत.”

आधीचा म्हणजे पोटवाला नव्हे, त्याच्याही आधीचा. तो आतोबांनी मुंबईत घेतला होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आतोबांकडे टीव्ही आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, हप्त्याने. चार पायांवर उभा, सागवानी रंगाचं कपाट, आणि पडद्यापुढे दोन्हीकडून सरकणारी शटरं. कार्यक्रम संपले की आतोबा शटरं ओढून कुलूप घालत. चाळीच्या पत्र्यावर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना, तोंड वरळीच्या मनोऱ्याकडे. मधे एक दुमडलेली नळी, तिच्या मागे एक लांब, पुढे ओळीने आखूड होत गेलेल्या. जपानात सेंदाईला शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६मध्ये तो मांडला, आणि पुढे अर्ध्या शतकाने लालबागचे कावळे त्यावर ओळीने बसत होते.

आतोबा निवृत्त होऊन गावी आले तेव्हा तो टीव्हीही टेम्पोतून आला. इथे डोंगराच्या कुशीत त्याला चित्र असं मिळालंच नाही. मुंग्या मात्र भरपूर मिळाल्या. पडदाभर वळवळणाऱ्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या, आणि त्यांच्या पलीकडे, मन लावून पाहिलं तर, कोणी तरी बातम्या देतंय असा भास. आतोबा रोज साडेसातला त्यांच्यापुढे बसत आणि शेवटी म्हणत, “आज बरंच दिसलं.”

तो टीव्ही नाही म्हणत नसे. अर्धं मिळालं तर अर्धं दाखवायचा. एकाच निवेदकाला डोंगरावरून उलटून आलेली दुसरी सावली मिळाली तर दोन निवेदक दाखवायचा. काहीच नाही मिळालं तर आभाळात जी खरखर असते तीच दाखवायचा. आताचा तसा नाही. त्याला सोवळ्यातलं लागतं. खरखर आली की तो पडदा ओढून घेतो. जुन्याचं कौतुक करायची आपल्याकडे पद्धत आहे, पण मला विचाराल तर मुंग्यांपुढे बसून आतोबांनी डोळे खराब केले, आणि ‘दिसत नाही’ हे तोंडावर सांगणारा आताचा मला बरा वाटतो. फक्त एक गोष्ट मानली पाहिजे. आभाळात काय चाललंय ते जुना बघू द्यायचा. आताचा लपवतो, आणि त्यामुळेच पुढची भानगड उलगडायला आम्हाला चार दिवस लागले.

नवरात्र होतं. सप्टेंबर संपत आलेला, पाऊस जवळजवळ आटोपलेला, सकाळी स्वच्छ कोवळं ऊन. आत्याचा फोन आला.

“थांबल्येय,” ती आपण होऊन म्हणाली. “म्हणजे थांबली होती. गेली आता.”

“पाऊस आहे का?”

“पाऊस कसला, कपडे वाळताहेत. काल गेला दोन मिनिटं. आज सात मिनिटं गेला. त्याच वेळेला.”

मी म्हटलं, बघू. म्हणजे मी लक्ष दिलं नाही. घरच्यांनीही दिलं नाही. आतेभाऊ रत्नागिरीला नोकरीला. तो म्हणाला, व्होल्टेज कमी-जास्त होत असेल. वहिनीचा संशय रिमोटवर, तो मुलाच्या हातात असतो म्हणून. आत्याचा स्वतःचा संशय शेजाऱ्यांच्या पंपावर होता, कारण तोही अकराच्या आतबाहेर सुरू होई. पण ती नुसती संशय घेऊन बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीला सांगून पंप अर्धा तास बंद ठेववला. पाटी आलीच. पंप सुटला.

छत्रीवाल्याला तर मला फोन केला त्याच दिवशी बोलावलं होतं. तो आला दुपारी चारला. चारला टीव्ही झकास चालू. त्याने स्लॅबवर चढून पाहिलं, कावळ्यांनी घाण केलीय म्हणाला, फडक्याने छत्री पुसली, आणि आलोच आहे तर म्हणून छत्रीपुढचा, लहरी टिपणारा एलएनबी बदलून साडेतीनशे रुपये घेऊन गेला. त्याला हसायचं कारण नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेलला आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ साली त्यांच्या भल्या मोठ्या शिंगासारख्या अँटेनातून एक खरखर यायची, कुठेही वळवा, केव्हाही ऐका, तीच. त्यांनीही आधी आत राहणाऱ्या कबुतरांची घाण खरवडून काढली होती. खरखर तशीच राहिली. ती विश्वाच्या जन्मवेळची निघाली आणि १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं. आतोबांच्या पडद्यावरच्या मुंग्यांतही शंभरातली एखादी त्या जातीची असणार. पक्ष्यांना दोष द्यायची परंपरा जुनी आहे एवढंच मला म्हणायचंय.

दुसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना पाटी पुन्हा हजर.

अष्टमीच्या सुमारास मी गेलो. गेल्या गेल्या आत्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. दूधवाल्याच्या नोंदी असतात त्या चौकोनांत पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. २७ तारखेला १०.५३ ते १०.५५. २८ला १०.५० ते १०.५७. २९ला १०.४९ ते १०.५८. मी त्या आकड्यांकडे बघत राहिलो. बिघाड असा वागत नाही. सैल वायर वाऱ्यावर अवलंबून असते, तापलेला डबा उन्हावर, पंप शेजाऱ्यांच्या मर्जीवर. हे रोज त्याच वेळी येत होतं, दोन्ही बाजूंनी सारखं फुगत होतं.

तीस तारखेला साडेदहालाच मी डब्याच्या मेनूतलं सिग्नलचं पान उघडून बसलो. त्यावर दोन पट्ट्या असतात. एक ‘स्ट्रेंग्थ’ची, एक ‘क्वालिटी’ची. आकडे प्रत्येक डब्याचे आपापले, त्यांना फार अर्थ नाही. पण दोन पट्ट्या एकमेकींशी कशा वागतात त्याला आहे. पहिली सांगते आवाज किती येतोय. दुसरी सांगते त्यातलं कळतंय किती. पावसात दोन्ही खाली येतात, कारण मुळात पोचतंच कमी. पिन सुटली तरी दोन्ही जातात. छत्री भलत्या उपग्रहाकडे वळली तर पहिली भरलेली आणि दुसरी रिकामी, जत्रेत उभं राहून ओळखीची हाक ऐकू न यावी तशी.

दहा अठ्ठेचाळीसला दुसरी पट्टी उतरायला लागली. सावकाश. कोणी हळूच दार ओढून घ्यावं तशी. आणि पहिली उतरायच्या ऐवजी चढली. थोडीशीच, पण चढली. पाटी आली. म्हणजे सिग्नल कमी झालेला नव्हता. त्याच्या मागून दुसरंच काही तरी त्याच्याहून मोठ्याने बोलत होतं.

मी स्लॅबवर गेलो. आग्नेयेला छत्रीचं तोंड, समोर फणस. छत्री बघत होती फणसाच्या शेंड्याकडे, आणि तिथे पानांखेरीज काही नव्हतं. मग लक्षात आलं की ही छत्री तिरळी असते. दिसते एकीकडे बघताना, बघत असते दुसरीकडे. तिचा वाडगा पुरा नसतो, मोठ्या वाडग्यातला एका अंगाचा तुकडा असतो, म्हणून एलएनबी मधोमध न येता खालच्या दांड्यावर बाजूला राहतो आणि तिची खरी नजर तोंडाच्या वीस-पंचवीस अंश वरून जाते. राजापुराहून तो उपग्रह क्षितिजाच्या वर जवळजवळ साठ अंशांवर, आग्नेयेला आहे. मी मान आणखी वर केली आणि लगेच डोळे मिटले, कारण तिथे सूर्य होता.

खाली पाहिलं तर एलएनबीच्या पांढऱ्या टोपीवर उजेडाचा एक गोळा पडला होता. छत्रीचा रंग राखाडी, मळका, आरशासारखा मुळीच नाही, तरी वाडगाभर ऊन गोळा करून तिने त्या टोपीवर आणलं होतं. गोळा अगदी हळूहळू सरकत होता. मी बघत उभा राहिलो. खालून माजघरातून आत्याचा आवाज, “आहेस ना रे वर?” लहानपणी अँटेना फिरवताना असाच आवाज यायचा. आता माझे हात मागे होते. फिरवणारा दुसराच होता.

“आलं!” आत्या ओरडली. टोपीवरचा गोळा तोवर काठावरून उतरून गेला होता.

खाली येऊन मी आत्याला समजावलं. शोकेसवरचा नारळ घेतला पृथ्वी म्हणून. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून सोडलेला. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे, आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्याला जागच्या जागी टांगल्यासारखा. सूर्य मात्र वर्षभर उत्तर-दक्षिण हेलकावे घेतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास तो विषुववृत्तावर येतो, आणि आपण उत्तरेला राहत असल्यामुळे आपल्या नजरेला उपग्रह थोडा दक्षिणेकडे सरकलेला दिसतो. म्हणून आठवडाभराने, सूर्यही तेवढाच दक्षिणेला उतरला की, आपण, उपग्रह आणि सूर्य एका रेषेत. सूर्य नुसता उजेड देत नाही, लहरींचा प्रचंड गोंगाटही करतो. छत्री नेमकी त्याच्याकडे बघत असली की त्या गोंगाटात उपग्रहाचं बोलणं बुडतं. दहा मिनिटांत सूर्य पुढे सरकतो. चार-सहा दिवसांत तो इतका खाली जातो की रेषाच चुकते. मार्चमध्ये परत येताना पुन्हा एकदा तसंच होणार.

आत्या नारळाकडे बघत होती. वहिनीने तो नारळ संध्याकाळच्या ओटीचा आहे म्हणून माझ्या हातातून काढून घेतला.

“म्हणजे क्रॉसिंग पडतं म्हण की,” आत्या म्हणाली.

कोकण रेल्वेने जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मार्ग बराचसा एकेरी. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी मधल्याच स्टेशनात उभी. इंजिन ठीक, डबे ठीक, ड्रायव्हर ठीक, कोणाचीच चूक नाही. लोक खाली उतरतात, पाय मोकळे करतात, कोणी तरी विचारतं काय झालं, आणि कोणी तरी सांगतं, क्रॉसिंग आहे. मग कोणी काही विचारत नाही. आत्याने कॅलेंडर परत खिळ्याला लावलं, तीस तारखेच्या चौकोनात १०.४८ ते १०.५८ लिहिलं आणि पुढे एकच अक्षर, क्रॉ.

२ ऑक्टोबरला सात मिनिटं, ३ला दोन. ४ला टीव्ही अखंड चालला, आणि मला वाटतं आत्याला जरा चुकल्यासारखं झालं.

मार्च आला. मी विसरून गेलो होतो. दहा तारखेला सकाळी मी कामात असताना फोन वाजला.

“सुरू झालं रे. अकरा तेराला. आज दोनच मिनिटं.”

“फिरत्येय की थांबलीय?” सवयीने माझ्या तोंडून गेलं.

“थांबल्येय. फिरायला काय झालं, ह्याचा काय संबंध?” आत्या म्हणाली. “सुनेला सांगून ठेवलंय, आठवडाभर ह्याला कोणी हात लावायचा नाही. बटन नाही, टिचक्या नाहीत. उद्यापासून मी तेवढ्यात तांदूळ निवडायला घेणार आहे. ठेव आता.”